सदाशिवनची मजुरी

तुम्ही माझ्या बायकोला शून्य केलंत.

रागाने नाही केलंत, सूड म्हणूनही नाही. तिच्याकडे नीट बघून केलं असतंत तरी मी थोडं समजून घेतलं असतं. तुम्ही ते तुमच्या रबर कचेरीच्या कागदावरच्या एका चौकोनात केलंत. ‘घरची मजुरी’ असं त्या चौकोनावर छापलेलं होतं. त्यात शून्य घातलंत, खाली बेरीज मारलीत आणि जाहीर केलंत की वर्कीला, म्हणजे मला, रबर परवडतं.

परवडतं ते कुणामुळे, हे आता मी सांगतो. मध्ये बोलू नका. तुमचं बोलून झालेलं आहे.

माझी दोनशे चाळीस झाडं. चर्चच्या मागच्या उतारावर, खाली ओढ्यापर्यंत. लग्नानंतर पाच वर्षांनी मी आणि राहेलने खड्डे मारून लावली. पहिली सात वर्षं रबर काही देत नाही, नुसतं खातं. खत खातं, तण काढणारे हात खातं, उन्हाळ्यात खोडाला चुना मागतं. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल या कागदात एवढंच. सात वर्षांनी साल सुरी लावण्याइतकी जाड झाली, आणि पुढची चौदा वर्षं काप मी घातला. चिकाच्या वाट्या राहेलने गोळा केल्या.

काप म्हणजे काय हे तुमच्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या हाताने करून बघितलंय मला माहीत नाही. डावीकडे वर, उजवीकडे खाली, असा अर्ध्या खोडाभोवती तिरका जातो. एक दिवसाआड त्याच कापाची खालची कड नखाच्या जाडीइतकी सोलायची. कमी सोललं तर चीक येत नाही. खोल गेलं तर आतल्या लाकडाला लागतं आणि तिथे गाठ धरते. ती गाठ झाड असेपर्यंत जात नाही. कापाच्या उजव्या टोकाला एक उभी रेघ असते. सुरी तिथे थांबली पाहिजे. चीक त्या रेघेतून खाली वाटीत उतरतो. रेघेच्या पलीकडची साल पुढच्या पाच वर्षांची बेगमी. तिला आज हात लावायचा नाही.

म्हणून काप घालणाऱ्या प्रत्येक टॅपरचं अक्षर झाडावर उमटतं. कोण आळशी, कोण दारू पिऊन आला होता, कुणाचं घरी भांडण झालं होतं, सगळं सालीवर वाचता येतं. मला येतं.

नऊ वर्षांपूर्वी गोठलेल्या चिकाच्या शीट लाटायच्या रुळांत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दांडा मीच फिरवत होतो, लक्ष मीच दुसरीकडे दिलं होतं. कुणाला दोष देत नाही. पण अंगठ्याजवळची दोन बोटं नसली की सुरी धरता येत नाही. डाव्या हाताने करून बघितलं. चार झाडं झाल्यावर राहेल म्हणाली, “पुरे करा. झाडं हसतायत.”

टॅपर शोधला. तो निम्मं मागत होता. बरोबरच होतं त्याचं, त्यालाही घर आहे. पण निम्मं त्याला दिल्यावर उरलेल्या निम्म्यात चीक गोठवायचं ॲसिड, खत, पावसाळ्यात खोडांना बांधायचे प्लॅस्टिकचे परकर, ते चिकटवायचं डांबर, शीट वाळवायच्या धुराला लाकूड. हे सगळं वजा केलं की माझ्या वाट्याला तो धूरच उरत होता.

दुसऱ्या दिवशी राहेल माझा जुना शर्ट घालून, डोक्याला पंचा गुंडाळून अंगणात उभी.

“सुरी द्या इकडे, इच्चाया.” नवऱ्याला आमच्यात अशीच हाक मारतात.

“तुला काय येतं त्यातलं?”

“चौदा वर्षं तुमच्या मागून वाट्या गोळा करतेय. डोळे मिटून करत होते काय?”

पहिल्या महिन्यात तिने झाडांच्या अंगावर गाठी उठवल्या. मी मागे मागे फिरून बोलायचो. खूप बोललो. “खाटकासारखी कापू नकोस!” असंसुद्धा बोललो.

“बरं, खाटीक तर खाटीक,” ती म्हणायची. “पण बाजूला व्हा. उजेड अडवताय.”

सहा महिन्यांनी तिचा काप माझ्यापेक्षा सरळ झाला. वर्षाने तिने कापलेल्या सालीवर बोट फिरवलं तर रंधा मारलेल्या फळीसारखं लागायचं. मी तिला हे कधी सांगितलं नाही. आमच्यात बायकोला असं तोंडावर सांगत नाहीत. संध्याकाळी एकटा खाली ओढ्यापर्यंत जायचो आणि झाडांवरून बोट फिरवून यायचो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती तुमच्या विरोधात जाणारी नाही, माझ्या विरोधात जाणारी आहे. आमच्यात जमिनीच्या मालकाच्या बाईने सुरी धरायची नसते. टॅपर यायचा, बाईने त्याला गुळाची कोरी कॉफी द्यायची, उकडलेला कप्पा कंद द्यायचा, आणि आत जायचं. म्हणून राहेलला मीच सांगितलं होतं, “सकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधी आवरत जा.” घंटा झाली की लोक चर्चच्या पायऱ्या चढतात, आणि तिथून आमचा अर्धा उतार दिसतो. ती झाडाझाडांतून धावायची. मग आंघोळ करून, पांढरी साडी नेसून, काळी पडलेली नखं पदराखाली घेऊन पुढच्या बाकावर बसायची. सगळ्या गावाला माहीत होतं. ॲसिडचा वास पदराखाली झाकता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुमची सर्वेक्षणाची बाई आली. श्रीजिता तिचं नाव. पोरगी वाईट नव्हती. चप्पल दारात काढली, कॉफी घेतली, राहेलला ‘चेची’, म्हणजे ताई, म्हणाली. तिच्या हातातल्या यंत्रावर प्रश्न येत होते आणि ती वाचत होती. खत किती, ॲसिड किती, लाकूड किती. मी सांगत गेलो.

“टॅपिंगची मजुरी?”

“बायको करते.”

“म्हणजे घरची मजुरी.” तिने बोट दाबलं. “रोख काही देता का?”

राहेल दारात उभी होती. म्हणाली, “देतात ना. शिव्या देतात.”

श्रीजिता हसली, मीही हसलो. त्या हसण्यात शून्य पडलं.

पुढे पावसाळ्यात ते पेपरात छापून आलं. लहान बागायतदाराचा किलोमागे खर्च इतका, भाव इतका, म्हणजे नफा इतका. तेव्हा भावाला आधार द्यायची यंदा गरज दिसत नाही. आमची शीट विकत घेणारा इट्टूप उजेडाकडे शीट धरून बुडबुडे शोधण्यात पटाईत. त्याने पेपर भिंतीवर चिकटवून ठेवला होता.

“ये, वर्की, ये! खुर्ची द्या रे याला. नफ्यातला माणूस आहे.”

“इट्टूप, शीट तोल.”

“तोलतो. पण तोलून काय करायचं? तुझं रबर फुकट पिकतं म्हणे. मग फुकट देऊन जा.”

तिथे सहाजण बसले होते. त्यातल्या चौघांच्या बायका काप घालतात, आणि मला ते ठाऊक होतं. चौघेही हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसण्याचं विष झालं होतं.

म्हणून पुढच्या वर्षी श्रीजिता परत आली, तेव्हा “टॅपिंगची मजुरी?” या प्रश्नावर मी म्हणालो, “टॅपर आहे. झाडामागे मजुरी देतो.”

“नाव?”

तोंडात आलं ते सांगितलं. “सदाशिवन.”

श्रीजिताने मान वर केली. राहेल कॉफीचे पेले खाली ठेवत होती. पोरीने तिच्या नखांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग यंत्रावर नाव घातलं. “सदाशिवन,” ती हळू म्हणाली. “चांगला आहे का कामाला?”

“उत्तम,” मी म्हणालो. “त्याच्यासारखा काप या डोंगरात कुणाचा नाही.”

राहेलने पेला बशीच्या कडेवर ठेवला. कॉफी बशीत सांडली. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तिचं कौतुक केलं, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

खोटं बोललो, कबूल आहे. पण त्या खोट्यात बेरीज खरी येत होती. मजुरी धरली तर माझी बाग तोट्यात होती, आणि ती खरंच तोट्यात आहे. खरं बोललो तेव्हा तुमच्या कागदावर खोटा नफा उठला. खोटं बोललो तेव्हा खरा तोटा दिसला. याला मी काय करू?

त्या दिवसापासून घरात सदाशिवन राहायला आला.

“सदाशिवनला आज मासे हवेत,” राहेल म्हणायची.

“सदाशिवनला सांग, पगारात भागव.”

“सदाशिवन म्हणतो, पगार अजून दिसला नाही. सदाशिवन पक्षात नाव घालणार आहे.”

“घालू दे. लाल झेंडा मी शिवून देतो.”

रविवारी काप नसायचा, त्या दिवशी ती उशिरापर्यंत झोपायची. मी कॉफी करून उशाशी ठेवायचो. “उठा, सदाशिवनराव.” डोळे न उघडता ती हात पुढे करायची. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. तेवढी गंमत आम्ही आधी कधी केली नव्हती.

मग यंदाच्या पावसाळ्यात सालीवर काहीतरी बिघडलं.

खालच्या रांगेत मला पहिल्यांदा दिसलं. काप रेघेपाशी थांबला नव्हता. नखभर पुढे गेला होता. वाटलं, घाई झाली असेल. आठवड्याने पाहिलं तर वरच्या रांगेतही तेच. आणखी पंधरा दिवसांनी एक बोट. राखलेली साल, पाच वर्षं हात लावायचा नाही ती साल, प्रत्येक झाडावर थोडी थोडी जखमी. आणि गंमत बघा, काप स्वतः सुंदर. खोली बरोबर, उतार बरोबर, कड स्वच्छ. फक्त थांबायचं तिथे थांबत नव्हता.

मी दोन-तीनदा बोललो. ती “हं” म्हणाली. घरातही ती दाराच्या चौकटीला खांदा घासत होती, बाजूला ठेवलेली बादली लाथेने उडवत होती. मी त्यावरही बोललो. वाचता येतं म्हणून मिरवणारा मी, सालीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं.

सप्टेंबरात एक दिवस, पाऊस उघडलेला, ऊन पडलेलं, ती ओढ्याजवळच्या झाडाला काप घालत होती. सुरी रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेली आणि मी ओरडलो.

“रेघ दिसत नाही का तुला?”

ती थांबली. सुरीवरची साल बोटाने पुसली.

“नाही दिसत, इच्चाया.”

पंचा डोक्यावरून काढून तिने तोंड पुसलं. मग त्याच आवाजात, वाट्या किती भरल्या हे सांगावं तसं सांगितलं, “समोर सुरी दिसते. बाजूचं नाही दिसत. बाजूला काळं आहे. मे महिन्यापासून.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही पौलोसला बोलावलं असतं.”

पौलोस झाडं शेवटच्या बोलीवर घेतो. दोन वर्षं, खोडाच्या सगळ्या बाजूंनी, शिडी लावून फांद्यांपर्यंत कापतो. पुढचं राखायचं नसतं, त्यामुळे वाटेल तितकं खोल. झाड पिळून रिकामं करतो आणि मग करवत लावतो. आमची झाडं तीस वर्षांची झालीत. तो दर सहा महिन्यांनी येऊन ओसरीवर बसतो, झाडांकडे बघत सुपारी कातरतो. जपून काप घातला तर ती अजून सात-आठ वर्षं देतील. पण जपून काप घालणारा माणूस हवा.

तिला माहीत होतं की तिच्याशिवाय दुसरं माणूस आमच्याकडे नाही. म्हणून ती मे ते सप्टेंबर, दोनशे चाळीस झाडं, आंधळ्या कडेने कापत राहिली. आणि मी तिच्यावर ओरडत राहिलो.

मी तिच्या हातातून सुरी घेतली. ती म्हणाली, “अर्ध्यात झाड सोडू नये.” मी सुरी परत दिली. ती काप पुरा करीपर्यंत मी तिच्या उजव्या अंगाला, त्या काळ्या भागात, उभा राहिलो. तिला मी दिसत नव्हतो. मला रडता आलं.

डॉक्टर बाईने तिच्यासमोर दिवे लावले, बोटं धरली. काचबिंदू म्हणाली. गेलं ते परत येत नाही. रोज थेंब घातले तर आहे तेवढं राहील. थेंब जन्मभर. शिवाय उजाडल्याशिवाय काम नको.

“काम कसलं करता?” डॉक्टर बाईने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण राहेल आधी बोलली. “टॅपर आहे मी.” कुणाला तरी हे तिने पहिल्यांदा सांगितलं. दवाखान्यात, अनोळखी बाईला, पदराबाहेर नखं काढून.

आता तुमच्या कचेरीची गोष्ट.

टॅपरला आजारपणात औषधाची मदत मिळते, असा तुमचा एक अर्ज आहे. इट्टूपनेच सांगितलं. आम्ही भरला. राहेलने जाताना पिशवीत सुरी घातली.

“सुरी कशाला?”

“डोळ्याच्या डॉक्टरकडे डोळे नेले. टॅपरच्या कचेरीत सुरी नको?”

टेबलामागच्या साहेबांनी माझं नाव यंत्रात घातलं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीही राहेलचं लिहिलं नाही.

“तुमचा टॅपर सदाशिवन आहे.”

“सदाशिवन म्हणजे हीच,” मी म्हणालो.

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. “मागल्या वर्षी तुम्हीच नोंद दिलीत. सदाशिवन, झाडामागे मजुरी. त्याला घेऊन या.”

“ते मी खोटं सांगितलं होतं, सार. त्याच्या आदल्या वर्षीचं बघा. बायको करते म्हणून खरं सांगितलंय.”

त्यांनी बघितलं. “हो. मजुरी शून्य.”

“मजुरी शून्य असली तरी काप—”

“मजुरी नाही तर मजूर नाही. मालकाची बायको मालकच असते. मालकांसाठी ही मदत नाही.”

“मग मालकाच्या मेहनतीची किंमत खर्चात धरा.”

“घरची मेहनत धरायची पद्धत नाही.”

एवढ्या सरळ आवाजात म्हणाले, की क्षणभर मलाच वाटलं, मी काहीतरी अडाणीपणा करतोय. दोन दारं. एकावर लिहिलंय, तू घरची आहेस, फुकट आहेस. दुसऱ्यावर लिहिलंय, तू घरची आहेस, आत येऊ नकोस.

“ही टॅपर आहे याचा पुरावा काय?” साहेब म्हणाले.

राहेल पुढे झाली. तिने विचारलं, “सार, तुमच्याकडे झाड आहे ना?”

होतं. कचेरीच्या अंगणात शिकाऊ लोकांना दाखवायला एक रबराचं झाड राखलेलं आहे. त्यावर खुणेची उभी रेघ सुबक आखलेली. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले. त्यांच्यामागे सगळी कचेरी बाहेर आली. श्रीजिताही आली, हातात चहाचा स्टीलचा पेला घेऊन.

मी राहेलच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

“तुम्ही लांब व्हा,” साहेब म्हणाले. “मदत नको.”

मी लांब झालो. हे मी का ऐकलं, असं मला रोज वाटतं.

राहेलने पंचा बांधला. डाव्या हाताचा तळवा खोडावर ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग सुरी लावली. एक मागे पाऊल, मग आणखी एक. साल एकसारख्या पातळ तुकड्यांनी गळायला लागली, गव्हाच्या कोंड्यासारखी. मागे चिकाचे पांढरे थेंब फुटले आणि कापातून पळायला लागले. तुमचा एक म्हातारा शिपाई तोंडातल्या तोंडात म्हणाला, “वा, बाई.” तो बहुतेक पूर्वी टॅपर असणार.

आणि सुरी रेघेपाशी आली. मी मनात म्हणालो, थांब. ती थांबली नाही. तीन बोटं पुढे गेली.

खोडाला वाटी बांधलेली नव्हती. चीक रेघेतून उतरून मातीत पडणार, तेवढ्यात श्रीजिताने पेल्यातला चहा फेकला, पेला फडक्याने पुसला आणि खाली धरला. मग सगळे आत गेले तरी ती तशीच वाकून उभी राहिली.

आत जाण्याआधी साहेबांनी काप बघितला. बोटाने मोजला. “हात चांगला आहे,” ते म्हणाले. “पण रेघ ओलांडली. शिकलेला टॅपर रेघ ओलांडत नाही.” आणि अर्जावर तेच लिहिलं.

बाजूचं दिसत नाही म्हणून मदत मागायला आलेल्या बाईने रेघ ओलांडली. म्हणून ती टॅपर नाही. अर्जात डोळ्यांचं लिहिलंय, तुमच्या शेऱ्यात रेघेचं; मी फक्त दोन्ही एकाखाली एक ठेवलंय.

श्रीजिताने तो पेला राहेलच्या हातात दिला. अर्धा भरला होता. “चेची, हे तुमचं.”

बसमध्ये राहेलने पेला मांडीत धरला. घाटातल्या वळणांवर दोन्ही हातांनी धरायची, एक थेंब सांडू दिला नाही. घाट संपल्यावर म्हणाली, “सदाशिवनला कामावरून काढलं की हो.”

“काढू दे.”

“आता सदाशिवनने काय करायचं?”

“घरी यायचं. कॉफी घ्यायची.”

तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. पुढच्या बाकावर चर्चमधल्या दोघीजणी होत्या. त्यांनी वळून बघितलं. राहेलने डोकं उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी पौलोस आला. ओसरीवर बसला, सुपारी काढली. “ऐकलं मी, वर्की. वाईट झालं. झाडांचं आता काय ते ठरवून टाकू.”

मी काही बोलायच्या आत राहेल आतून सुरी घेऊन आली. “पौलोस, कॉफी पिऊन जा. सुपारी आमच्या अंगणात थुंकू नकोस. झाडांना काप आहे आज.”

“आज? घंटा होऊन गेली की!”

“होऊ दे.”

लख्ख उजेडात, लोक चर्चच्या पायऱ्या उतरत असताना, आम्ही पहिल्या झाडापाशी गेलो. मी रेघेवर हात ठेवला. उजवा. त्या हाताची दोन थोटकं रेघेवर आडवी धरली.

“हे काय?”

“लागलं की थांब.”

“सुरी आहे ही, इच्चाया. धार कालच लावलीय.”

“दोन गेलीत. राहिलेली कुठे जपून ठेवू?”

तिने काप सुरू केला. मागे पाऊल, पुन्हा मागे पाऊल. सुरी माझ्या थोटकाला टेकली, मुंगी टेकावी इतकी हलकी, आणि थांबली. चीक रेघेतून खाली उतरला. राखलेली साल तशीच होती.

“कसा आहे?” तिने विचारलं.

या वेळी मी तो सदाशिवनच्या नावावर घातला नाही. “राहेल, तुझ्यासारखा काप या डोंगरात कुणाचा नाही.”

“मोठ्याने बोला. पायरीवरच्यांना ऐकू जाऊ दे.”

मी मोठ्याने बोललो.

दीड महिना झाला. एका झाडाला आता दोन माणसं लागतात, वेळ दुप्पट लागतो. थेंब आम्ही विकत आणतो. माझ्या थोटकांवर एकूण तीन ओरखडे आहेत, तिन्ही माझ्या हलण्याने झालेले. झाडांच्या जखमा भरायला लागल्यात.

पुढल्या महिन्यात तुमचं माणूस पुन्हा यंत्र घेऊन येईल. या वेळी मी खोटं बोलणार नाही. म्हणून आधीच विचारतो. काप घालणारी राहेल, रेघ दाखवणारा मी, वेळ दुप्पट. तुमच्या चौकोनात हे काय म्हणून लिहिणार? शून्य अधिक शून्य?

सोबत एक स्टीलचा पेला पाठवतोय. तुमच्या कचेरीचा आहे, खाली तुमचा नंबर कोरलेला आहे. आम्हाला दुसऱ्याची वस्तू नको. त्यात चीक आळून घट्ट झालाय, पेल्याच्या आकाराचा गोळा बसलाय. काढून तोला. इट्टूपच्या भावाने किंमत करा, ती मला नको. तो गोळा ज्या हाताने झाडातून काढला, त्या हाताच्या माणसाचं नाव काय आणि त्या कापाची मजुरी किती, एवढं लिहा.

नाव राहेल आहे, हे मी सांगितलेलं आहे. मला ते तुमच्या अक्षरात, तुमच्या शिक्क्याखाली हवंय. कधी पाठवताय?